गळालेल्या पानाचं पुढे काय होतं

आमच्या मालवणीत पाचोळ्याला पातेरो म्हणतात. फाल्गुनात कुडाळच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत सकाळी जा, बायकापोरं पातेरो लोटताना दिसतील. आंब्याखालचा, काजूखालचा, फणसाखालचा पातेरो हाऱ्यात दाबून भरायचा, डोक्यावरून गोठ्यात आणायचा आणि गुरांखाली पसरायचा. शेणामुतात मुरला की तोच खत होऊन शेतात जातो. उरलेला तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर जमीन भाजायला, भाजावळीला. आमच्या घरात दहा वर्षांच्या पोरापासून सगळ्यांच्या वाट्याला हे काम यायचं. वाडीतल्या प्रत्येक झाडाखाली कोणाचा ना कोणाचा खराटा फिरायचा. एक जागा मात्र सोडून, ती म्हणजे गावदेवीची राई.

राईतलं पान उचलायचं नाही. सुकलेली काटकीसुद्धा नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजणार. देवळाच्या दुरुस्तीला वासा लागला तर आधी गुरव गाऱ्हाणं घालणार, कौल लावणार. देवीनं उजवा कौल, म्हणजे होकार, दिला तर कुऱ्हाड, नाहीतर नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. हारा लवकर भरावा म्हणून एकदा राईच्या कडेचा पातेरो भरून आणला. आजीला बघताक्षणी कळलं, कारण त्यात आंब्याचं एकही पान नव्हतं. "ता देवाचा आसा गो, आपला न्हय," एवढंच म्हणाली आणि मला हाताला धरून परत घेऊन गेली. ओरडली नाही. हारा जिथल्या तिथे रिकामा करायला लावला आणि पानं नीट पसर म्हणाली.

पसरता पसरता माझा हात त्या थरात खाली गेला. वरची पानं कोरडी, खुळखुळ वाजणारी. त्याखालची ओलसर, तपकिरी, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पानांच्या फक्त शिरांची जाळी उरलेली आणि त्या जाळीतून सुतापेक्षा बारीक पांढरे धागे गेलेले. आणखी खाली पान कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली, ते बोटांना समजेना. मनगटापर्यंत हात गार झाला. पहिल्या पावसात येतो तसा वास आला. महिना मार्चचा होता, आणि राईबाहेर पावलाभरावर वाडीतली जमीन भेगाळायला लागली होती.

तेव्हा लागलेली सवय साठी उलटली तरी सुटलेली नाही. कुठल्याही रानात गेले की सगळे वर बघतात, पक्षी शोधतात. मी काठीनं आधी पाचोळा चाळवते, साप-विंचू नाही याची खात्री करते आणि खाली बसून त्यात हात घालते. झाडाखाली गळालेल्या पानाचं पुढे काय होतं हे कळलं, की त्या रानाचं निम्मं गणित कळतं असं माझं ठाम मत झालं आहे.

जगात सुमारे ४०६ कोटी हेक्टर वन उरलं आहे, म्हणजे जमिनीच्या ३१ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं. त्यातलं ४५ टक्के उष्ण कटिबंधात, २७ टक्के उत्तरेच्या थंडगार पट्ट्यात, बाकीचं मधल्या प्रदेशांत. आपल्या देशातलं वन भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून मोजतं. किमान एक हेक्टरचा तुकडा आणि दहा टक्के किंवा त्याहून दाट छत्र असलं की झालं वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कोणाची, हे त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे आमची राईही त्यात आणि शेजारची आंब्याची कलमंही त्यातच. मोजणी हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उपग्रह बघतो वरून, आणि रानाचा संसार चालतो खाली.

लग्नानंतर यांची बदली मेळघाटात धारणीला झाली. कोकणातून गेलेल्या मला तिथल्या पहिल्या एप्रिलमध्ये अक्षरशः रडू आलं. डोंगरच्या डोंगर उघडे. साग उभा, पण अंगावर पान नाही. सालईची फिकट खोडं उन्हात चमकणारी. हे रान मेलंय असंच मला वाटलं. मी खाली बसून पाचोळ्यात हात घातला, तर हात जाईचना. सुपाएवढी सागाची पानं पापडासारखी मोडत होती, आणि त्यांच्याखाली लगेच तापलेली, कडक जमीन. ना ओल, ना वास, ना पांढरे धागे.

ते रान मेलेलं नव्हतं, हे कळायला मला एक पावसाळा जावा लागला. पानगळीच्या रानाला पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. अंगावर पानं ठेवली तर त्यांतून पाणी उडत राहणार, म्हणून झाड ती टाकून देतं आणि खोडात जीव धरून बसतं. खाली पडलेलं पानही तसंच थांबून राहतं. ओल नाही तर बुरशी नाही, बुरशी नाही तर कुजणं नाही. उन्हाळाभर काम करते ती फक्त वाळवी. मग मृगाचा पाऊस कोसळतो आणि सगळं एकदम सुरू होतं. आठ-दहा दिवसांत मी जिथे हात घातला होता तिथे पाय रुततो. श्रावण-भाद्रपदात सागाच्या पानांवर अळ्या पडतात आणि झाडावरच पानाची चाळण होते. नुसत्या शिरा उरतात, उजेडाकडे धरलं तर लेसच्या रुमालासारखं दिसतं. मी असं एक पान वहीत ठेवलं होतं, अजून आहे.

याच थांबून राहण्यात त्या रानाचा घात आहे. आठ महिने कोरडा पाचोळा म्हणजे पसरलेली काडेपेटी. चैत्रात मोह फुलतो. पहाटे फुलं टपटप पडतात आणि कोरकू आदिवासी बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी पद्धत. तेंदूला नवी कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणूनही जाळतात. वारा फिरला की तो जाळ हाताबाहेर जातो. वनखातं जाळरेषा काढतं, पहारे ठेवतं, तरी दर उन्हाळ्यात रात्री डोंगरावर आगीची माळ दिसायचीच. आमच्या घरी दूध घालायला येणाऱ्या बाईंना मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडू मारून पण होते बाई, पण मंग दोन घंटे जास्त लागते. अन् मोहाले भाव तेवढाच." मला त्यांना शिकवण्याचा काही अधिकार नव्हता. पण पुढच्या वर्षी त्या आणि त्यांच्या जावेनं झाडाखाली जुनी लुगडी अंथरलेली मी पाहिली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं यापुढचं पाऊल टाकलं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर त्या गावानं तेंदूपत्ता तोडणंच बंद करायचं ठरवलं. तेंदूपत्ता म्हणजे हातात रोख पैसा. पण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावाव्या लागतात, आणि पान जातं विडीला, जिच्यानं माणसाचं भलं होत नाही. गावानं बांबूवर भर दिला आणि तेंदूची फळं झाडावर राहू दिली. माणसांची, पाखरांची, अस्वलांची सोय झाली. हा निर्णय शहरात बसून कोणी त्यांच्यावर लादलेला नाही. त्या लोकांनी एकत्र बसून तो घेतला. रानाबद्दल बोलायची वेळ आली की मी पाचगावचं नाव आधी घेते.

सदाहरित रानाचं कौतुक सगळे करतात, या करड्या, कोरड्या रानाला कोणी 'वा' म्हणत नाही. जगभर हीच गत आहे. उष्ण प्रदेशातली कोरडी पानगळीची रानं सर्वांत आधी तुटली, कारण तिथे शेतीला सोयीची जमीन असते, राहायला हवा बरी असते. रानपिंगळा हा पक्षी अशाच रानातला. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही. संपला असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो सापडला. भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला. पुढे मेळघाटात त्याची चांगली वस्ती आढळली. त्याला लागतात जुन्या झाडांतल्या ढोली आणि अशीच उघडीवाघडी रानं. मला जिथे मरण दिसलं होतं, तिथे तो शतकभर घर करून होता.

कोस्टारिकातली एक हकीकत मला याच संदर्भात फार आवडते. तिथल्या ग्वानाकास्ते भागात कोरड्या जंगलाचं संरक्षित क्षेत्र आहे. १९९० च्या दशकात संत्र्याचा रस काढणाऱ्या एका कंपनीनं तिथल्या तीन हेक्टर नापीक कुरणावर १२,००० टन साली आणि चोथा आणून ओतला. कोर्टकज्जा होऊन ते थांबलं आणि जागा विसरली गेली. सोळा वर्षांनी अभ्यासक गेले तर त्या जागेची खुणेची पाटी सापडेना इतकं रान माजलेलं. शेजारच्या साल न टाकलेल्या जमिनीपेक्षा तिथे झाडोऱ्याचा भार १७६ टक्क्यांनी जास्त भरला. उपाशी जमिनीला खायला मिळालं, एवढंच. पण ही गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. त्या तीन हेक्टरांना लागून मूळ जंगल होतं. बी तिथून आलं, ते आणणारी पाखरं तिथून आली. नुसत्या सालींतून रान उगवत नाही.

धाकटा भाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याच्या घराजवळच्या मेपलच्या रानाला रंग चढलेला होता. शेंदरी, पिवळा, डाळिंबी. ते वर्णन मी करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी खाली बसले. मला वाटलं होतं, इतकी पानं वर्षानुवर्षं गळत असतील, इतकी थंडी, हात कोपरापर्यंत जाईल. तर वर फक्त त्या वर्षाची पानं, आणि खाली सपाट, काळी, टणक माती. लोटल्यासारखी. नेचे नाहीत, रोपटी नाहीत. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं मला समजावलं, "आत्या, वर्म्सनी खाल्लं सगळं. ते बॅड आहेत."

गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, हे मी जन्मभर ऐकत आले. माझ्या परसात गांडूळखताचा वाफा आहे. मला ते काही केल्या पटेना. मग भावानं सांगितलं आणि मी पुढे वाचलं. हिमयुगात हा सगळा मुलूख बर्फाच्या चादरीखाली होता. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटला, पण तिथे गांडूळ शिल्लक नव्हतं, आणि दक्षिणेकडून सरकत यायला त्याला वर्षाला काही मीटरच जमतात. म्हणून तिथलं रान गांडुळाशिवाय वाढलं. पानं पडायची, बुरशी आणि बारीक किडे ती सावकाश कुजवायचे. स्पंजासारखा जाड थर साठायचा, त्यात रानफुलांचं बी रुजायचं, जमिनीवर घरटं करणारे पक्षी त्यात लपायचे. युरोपातून वसाहतवाले आले, त्यांच्या रोपांच्या मातीतून गांडुळं आली. पुढे मासे पकडणाऱ्यांनी गळाला लावून उरलेली तळ्याकाठी टाकली. शतकांचा तो थर गांडुळं काही वर्षांत खाऊन टाकतात. म्हणून तिथे सांगतात, उरलेलं आमिष कचऱ्याच्या डब्यात टाका, रानात टाकू नका.

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होते. तोच जीव, तेच काम. एका रानात पुण्य आणि दुसऱ्या रानात नुकसान.

भाऊ मग आम्हाला चार-साडेचार तास उत्तरेला घेऊन गेला. जाताना झाडं बदलत गेली. मेपल मागे राहिले, भूर्ज आले, मग पाइन आणि स्प्रूस. तिथे लॉस्ट फॉर्टी नावाचा एक १४४ एकरांचा तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला मिनेसोटातला पाइन लाकूडवाल्यांनी साफ केला. जुनं मूळ रान आज तिथल्या एकूण वनाच्या दोन टक्केही उरलेलं नाही. हा तुकडा राहिला तो १८८२ च्या मोजणीतल्या चुकीमुळे. मोजणीदारांनी नकाशावर त्या जागी तळं दाखवलं. तळ्यातली झाडं तोडायला कोण जाणार? खरं तळं बाजूलाच होतं. झाडं मात्र तेव्हा कोणी विकली नाहीत, कोणी घेतली नाहीत. तीनशे वर्षांपेक्षा जुने पाइन तिथे आज उभे आहेत, एकाच्या कवेत न मावणारे.

मला आमची राई आठवली. ती देवीच्या धाकानं राहिली, हा तुकडा मोजणीदारांच्या हातून झालेल्या चुकीनं. दोन्हीकडे माणसाचा हात थांबला, एवढं सारखं. आणि खाली बसल्यावर दुसरंही सारखेपण सापडलं. सुयांचा थर गादीसारखा दबत होता. वर तांबूस सुया, खाली काळसर भुसा, त्यात तेच पांढरे धागे. कुडाळच्या राईत मला सापडले होते, तसेच. बुरशीचे असे काही धागे झाडांच्या मुळांना जोडलेले असतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला पाणी आणि क्षार आणून देतात. हे मला नऊ वर्षांची असताना ठाऊक नव्हतं. फक्त हात ओढून घ्यावासा वाटला नव्हता.

त्याहून उत्तरेला एका मोठ्या दलदलीवरून मैलभर लांब पूल टाकला आहे, बिग बॉग म्हणतात त्या दलदलीला. खाली शेवाळ, पाण्यानं टच्च भरलेलं. त्यात उभे काळे स्प्रूस माझ्या मनगटाएवढे, आणि त्यांतल्या कित्येकांचं वय शंभरीच्या घरात. टॅमरॅकची झाडं सोन्यासारखी पिवळी पडून सुया गाळत होती. सूचिपर्णी झाड पानगळ करतं हे मी पहिल्यांदाच बघितलं. पुलावर पालथं पडून मी हात खाली सोडला. शेवाळाखाली पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. तिथे पान कुजतच नाही म्हटलं तरी चालेल. थंडी, आंबट पाणी, हवा नाही. वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर थर साठतो, आणि असे हजारो वर्षांचे थर एकावर एक. कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, सगळीकडे पसरलेल्या त्या उत्तरी रानाची ठेव झाडांच्या खोडांत कमी आणि जमिनीखाली जास्त आहे. गेल्या कित्येक हजार उन्हाळ्यांतला कार्बन तिथे निजवलेला आहे.

२०२३ मध्ये कॅनडातलं दीड कोटी हेक्टरहून जास्त रान जळालं. जून महिन्यात भावाचा फोन आला, खिडक्या बंद करून बसलोय म्हणाला, बाहेर संध्याकाळसारखं पिवळं आहे आणि दुपारचे दोन वाजलेत. अशी आग नुसती झाडं जाळून थांबत नाही. जमिनीतला तो न कुजलेला थर पेटला तर बर्फाखालीही धुमसत राहतो आणि पुढच्या वसंतात पुन्हा डोकं वर काढतो. झाडं शंभर वर्षांत परत येतील. खालचं साठायला जेवढा काळ गेला, तेवढा आपल्यापैकी कोणाच्याच हिशेबात नाही.

ॲमेझॉनला मी गेलेले नाही, आता जाणं होईल असं वाटत नाही. पण वाचलं ते सगळं याच्या उलट आहे. तिथे पान पडलं की काही महिन्यांत नाहीसं. उष्णता, ओल, मुंग्या, वाळवी, बुरशी सगळे टपलेले. झाडांची बारीक मुळं वर येऊन पाचोळ्यातच घुसतात आणि माती बघायच्या आत सत्त्व उचलून नेतात. म्हणून तिथली माती बऱ्याच ठिकाणी गरीब आहे, श्रीमंती उभ्या झाडांत आहे. पाऊस जे धुऊन नेतो, त्यातलं फॉस्फरस भरून निघतं ते सहारातून. २०१५ मध्ये नासाच्या उपग्रहाच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. वर्षाला सुमारे २ कोटी ७७ लाख टन धूळ समुद्र ओलांडून ॲमेझॉनवर उतरते, त्यात सुमारे २२,००० टन फॉस्फरस. त्यातली बरीचशी येते चाडमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या तळातून. एक वाळवंट एका अरण्याला जेवू घालतं, ही गोष्ट मला कुठल्याही पुराणकथेपेक्षा कमी वाटत नाही. असं रान तोडून जाळलं की राखेवर चार-दोन वर्षं गवत येतं, मग तेही बसतं. ठेव झाडांतच होती, झाडांबरोबर गेली.

आता आम्ही ऐरोलीला राहतो. सकाळी फिरायला खाडीच्या बांधावर जाते. ओहोटीला तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, श्वासमुळांचे खुंट चिखलातून वर आलेले दिसतात, पेन्सिली उभ्या रोवाव्यात तसे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची एक देवराई आहे, गोड्या पाण्याच्या दलदलीतली. तिथेही मुळं गुडघा दुमडल्यासारखी चिखलाबाहेर येऊन श्वास घेतात. तिवर आणि रानजायफळ यांचं एकमेकांशी काही नातं नाही. हवा नसलेल्या चिखलात उभं राहायचं तर करायचं काय, याचं उत्तर दोघांनी आपापलं शोधलं.

ऐरोलीच्या चिखलात हात घालायची माझी छाती होत नाही, खरं सांगते. वास सडक्या अंड्याचा. पण बांधावर बसून बघता येतं. तिवराचं पिवळं पान पडतं. जिभेला लावून बघा, खारट लागतं, झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. पान चिखलावर असतं. बराच वेळ काही होत नाही. मग बिळातून एक खेकडा अर्धा बाहेर येतो, थांबतो, पुन्हा आत जातो. परत येतो, पानाची कड नांगीत धरतो आणि मागे मागे सरकत ते बिळात ओढतो. पान आडवं अडकतं. तो सोडतो, फिरवतो, देठाकडून धरतो आणि ओढून घेतो. पुढच्या भरतीला ते पान समुद्रात वाहून गेलं असतं. त्यानं ते चिखलात नेऊन ठेवलं. थोडं खाईल, उरलेलं तिथे राहील, आणि हवा नाही म्हणून लवकर कुजणार नाही. एकरी हिशेब केला तर खारफुटीच्या जमिनीत इतर कितीतरी रानांपेक्षा जास्त कार्बन साठलेला असतो. तो असा, एकेका पानानं.

मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. म्हणून ही तिवरं आज आहेत. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तरी रात्री-बेरात्री राडारोड्याचा डंपर येतो आणि पहाटे बांधाच्या कडेला नवा ढीग दिसतो. आमच्या फिरण्याच्या गटातल्या चौघींनी तक्रारी केल्या आहेत, फोटो दिले आहेत. एकदा ढीग उचलला गेला. दोनदा नाही. आम्ही देत राहणार.

माहेरी रस्ता रुंद झाला त्याला आता बारा वर्षं होतील. राईची एक कड गेली. सातबाऱ्यावर ती जागा देवरहाटी, म्हणजे देवराई, म्हणून होती, तरी गेली. किंजळ, सातवीण, काजऱ्याची जुनी झाडं आणि त्यांच्यावर चढलेली गारंबीची वेल. तिच्या हातभर लांब शेंगांतल्या बिया आम्ही खेळायला घ्यायचो. बदल्यात पर्यायी वनीकरण म्हणून सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर अकेशिया लावला गेला. सडा म्हणजे ओसाड जागा, हा समज कोणी करून दिला कोण जाणे. भाद्रपदात त्या कातळावर तेरडा आणि सीतेची आसवं इतकी फुलायची की पाय कुठे टाकावा कळायचं नाही. ती जागाही त्यात गेली.

गेल्या वर्षी मी मुद्दाम त्या अकेशियात गेले. वरून, उपग्रहाला, ते हिरवंगार दिसत असणार. खाली बसले, हात घातला. चामड्यासारखी कडक, कोयत्याच्या आकाराची पानं. वनस्पतिशास्त्रात त्यांना पानही म्हणत नाहीत, ते पसरट झालेले देठ असतात. मी थरावर थर उचलत गेले. या वर्षीची, गेल्या वर्षीची, त्याआधीची, सगळी तशीच. त्याखाली कोरडा जांभा. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, बायका तो पातेरो नेत नाहीत. रोपटं नाही, बुरशीचा धागा नाही, किडा नाही. इतकी वर्षं पानं पडत होती आणि त्यांना घ्यायला खाली कोणी नव्हतं. एका रानाच्या जागी दुसरं रान देता येतं असं कागदावर लिहिणाऱ्यांनी एकदा इथे येऊन बसावं, असं मला फार वाटलं. राग आला होता. अजूनही आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये भाऊ सगळ्यांना घेऊन आला होता. भाची आता चौदा वर्षांची. पाऊस लागून आठवडा झाला होता. मी तिला राईत घेऊन गेले, उरलेल्या राईत. चपला बाहेर काढायला सांगितल्या, तिनं काढल्या. आत काळोख, पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि माझी आजी जिथे वाकली होती साधारण तिथेच आम्ही दोघी बसलो. मी तिला पातेरो बाजूला करायला सांगितला. कोरडा थर उरलाच नव्हता, सगळं ओलं, मऊ. ती पांढऱ्या धाग्यांपर्यंत पोचली आणि एकदम हात मागे घेतला.

गांडूळ होतं. चांगलं वीतभर, जांभळट.

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तिला जे शिकवलं होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आत्या, हा इथलाच आहे?"

"इथलाच."

तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन पानं उचलली आणि त्याच्यावर परत ठेवली.